कर्मणि प्रयोग

मराठी व्याकरणात प्रयोग तीन आहेत: कर्तरी, कर्मणि आणि भावे. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या तंत्राने चालते, कर्मणीत ते कर्माच्या तंत्राने चालते, आणि भावे प्रयोगात ते दोघांनाही जुमानत नाही. यांतला जुना कर्मणि प्रयोग पाहिला, तर कर्ता मागे सरकलेला असला तरी वाक्यात हजर असतो. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यात तंत्र आंब्याचे चालले. पण आंबा कोणी खाल्ला याबद्दल संशय उरत नाही. रामाच्या पाठीला 'ने' हा प्रत्यय चिकटलेलाच असतो. इंग्रजीच्या सहवासाने आपल्याकडे रुळलेला जो नवा कर्मणि प्रयोग आहे, त्याची गोष्ट निराळी. 'आंबा खाल्ला गेला' एवढ्यावर तेथे वाक्य पुरे होते. राम केव्हाच उठून गेला आहे, आणि वाक्याला त्याची उणीव भासत नाही.

सार्वजनिक जीवनात या नव्या प्रयोगाचे किती प्रस्थ माजले आहे, हे वाचकांना सांगावयास नको. 'चौकशी केली जाईल', 'योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे' ही वाक्ये आपल्या कानांना इतकी सरावली आहेत, की ती कोण बोलतो हे विचारण्याचेही आपल्याला सुचत नाही. परंतु गेली काही वर्षे हा प्रयोग माझ्या डोक्यात घोळतो आहे, तो कचेऱ्यांमुळे नव्हे. विज्ञानातले प्रयोगही आता कर्मणि होऊ लागले आहेत, असे मला दिसते. वीस-पंचवीस पायऱ्यांच्या साखळीतून एखादे सत्य बाहेर पडते. प्रत्येक पायरी निराळ्या आज्ञावलीने पार पाडलेली असते. ती आज्ञावली लिहिणारा माणूस निराळ्या देशात बसलेला असतो. आणि शेवटी त्या सत्यावर एखाद्या आजारी माणसाचे औषध ठरते. या सत्याचा कर्ता कोण? आणि ते खोटे निघाले, तर उत्तर कोणी द्यावयाचे?

हा प्रश्न विचारण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी म्हणेल. माझे शिक्षण, आमची वडीलधारी मंडळी ज्याला अजून मॅट्रिक म्हणतात, तेथे थांबले. मी मुलांना मराठी शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. परंतु माझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशी एका प्रयोगशाळेत हेच काम करते. ती सुट्टीत गावी आली, की माझ्या प्रश्नांना कंटाळत नाही. तिच्याकडून जे समजले आणि पुढे वाचून जे ताडून पाहिले, तेवढ्याच्या आधारावर मी लिहितो आहे.

आधी विषय थोडक्यात सांगतो. माणसाच्या बहुतेक प्रत्येक पेशीत सुमारे तीन अब्ज अक्षरांची एक पोथी असते. तिच्यात प्रथिने कशी घडवावी हे सांगणारी सुमारे वीस हजार प्रकरणे आहेत. त्यांना आपण जनुके म्हणतो. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत पोथी एकच. मग यकृत हे यकृत का आणि मेंदू हा मेंदू का? कारण प्रत्येक ठिकाणी वाचली जाणारी प्रकरणे निराळी आणि त्यांची आवर्तने निराळी. जनुक वाचले गेले की त्याची आरएनए नावाची नक्कल तयार होते. या नकला मोजल्या, की कोणते जनुक किती वाचले जात आहे ते कळते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. आता हजारो माणसांची पोथी आणि त्यांच्या शरीरातल्या या नकला एकमेकांशी ताडून पाहिल्या, तर पोथीतले एखादे अक्षर बदलल्याने कोणत्या अवयवात काय कमी-जास्त होते ते समजते. मधुमेह, कर्करोग, हृदयरोग यांच्या मुळाशी जाण्याची एक वाट येथून निघते.

अमेरिकेत २०१० साली 'जीटेक्स' नावाचा एक प्रकल्प सुरू झाला आणि २०२० साली त्याचे शेवटचे मोठे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या मुख्य विश्लेषणात ८३८ व्यक्तींच्या ४९ प्रकारच्या ऊतींचे १५,२०१ नमुने होते. जिवंत माणसाच्या मेंदूचा किंवा हृदयाचा तुकडा असा काढता येत नाही. या ८३८ व्यक्ती मृत होत्या. घरातले माणूस नुकतेच गेले आहे, आणि अशा वेळी नातेवाइकांनी संमती दिली. हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढच्या साऱ्या आकड्यांच्या उगमाशी ही संमती आहे.

आता ती साखळी. यंत्र एका नमुन्यातून कोट्यवधी लहान तुकडे वाचते; प्रत्येक तुकडा शंभराच्या आसपास अक्षरांचा. प्रथम खराब तुकडे वगळावयाचे. मग प्रत्येक तुकडा पोथीत कोठला हे शोधावयाचे. मग जनुकवार मोजणी. मग एका नमुन्याची मोजणी दुसऱ्याशी तोलता यावी म्हणून ती एका मापावर आणावयाची. मग कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर काम झाले त्यामुळे पडलेला फरक वजा करावयाचा. मग माणसामाणसांत जेथे अक्षर बदलते अशा लक्षावधी जागा घेऊन, एकेका जनुकाची मात्रा तिच्या परिसरातल्या जागांशी ताडून पाहावयाची. इतक्या तुलना केल्यावर काही जुळण्या केवळ योगायोगाने दिसणारच, त्या गाळावयाच्या. हे हाताने करणे अशक्य. म्हणून एका पायरीतून निघालेली फाइल दुसऱ्या पायरीत आपोआप जावी, अशी व्यवस्था लिहून ठेवतात. तिला पाइपलाइन म्हणतात.

ही कल्पना जीवशास्त्रात जन्मलेली नाही. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली 'मेक' नावाची आज्ञावली लिहिली. कशापासून काय तयार होते एवढे तिला सांगावयाचे. वरचे काही बदलले, की त्याच्यावर अवलंबून असलेले तेवढेच ती पुन्हा करते. २०१२ सालची 'स्नेकमेक' आणि २०१३ साली बार्सिलोनात सुरू झालेली 'नेक्स्टफ्लो' या जीवशास्त्राच्या कामातल्या दोन प्रसिद्ध व्यवस्था. त्यांतल्या 'स्नेकमेक'ने 'मेक'चे ऋण आपल्या नावातच ठेवले आहे.

पाइपलाइन हा शब्द मला रुचत नाही. नळात पाणी कोठे अडले ते दिसत नाही. मला आठवतो तो शेतातला पाट. विहिरीचे पाणी पाटातून येते, आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात ते वळवावयाला कोणीतरी खोरे घेऊन उभे असावे लागते. त्याला आमच्याकडे दारे धरणे म्हणतात. पाणी आपल्या उताराने जाते हे खरे. पण कोणता वाफा भरला, कोठे बांध फुटला, हे पाण्याला कळत नाही. ते दारे धरणाऱ्याला कळते.

बांध कसे फुटतात याची उदाहरणे या शास्त्राच्या लोकांनीच जगापुढे मांडली आहेत, आणि त्याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. काही जनुकांची इंग्रजी नावे 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ती टंकली, की तो तक्ता त्यांना तारखा समजून १ मार्च, २ सप्टेंबर असे करून टाकी. ही गोष्ट २००४ पासून ठाऊक होती. तरीही २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासले, तेव्हा असे तक्ते जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत ही चूक सापडली. अखेर २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. ही आपोआप होणारी बदलाबदल थांबवण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. यंत्राला माणसाची भाषा शिकवण्याआधी माणसानेच आपली नावे बदलून घेतली, यात विनोद आहे आणि थोडे दुःखही आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर. नेदरलँड्समधल्या एका गटाने २०११ साली सर्वांना खुले असलेले पाच संग्रह तपासले. ज्या माणसाची पोथी, त्याच माणसाच्या आरएनएच्या नकला, अशी जोडी खरोखर जुळते का, एवढेच त्यांनी पाहिले. सरासरी शंभरातल्या तीन नमुन्यांना दुसऱ्याच माणसाचे नाव लागले होते. एका संग्रहात हे प्रमाण शंभरात तेवीस होते. म्हणजे पाट निर्मळ, उतार बरोबर. पण विहिरीवरच पाणी दुसऱ्याचे.

तिसरे उदाहरण वाचून मी काही काळ अस्वस्थ होतो. २००७ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या आणि आशियाई वंशाच्या लोकांत ४,१९७ जनुकांपैकी १,०९७ जनुकांची अभिव्यक्ती निराळी आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की युरोपीय नमुन्यांचे मापन प्रामुख्याने २००३ आणि २००४ साली झाले होते, आणि आशियाई नमुन्यांचे २००५ आणि २००६ साली. वंशाचा फरक आणि सालाचा फरक एकमेकांत असे गुंतले होते, की हा कोणाचा आणि तो कोणाचा हे सांगण्याचा मार्गच उरला नाही. या कामात कोणी लबाडी केली नव्हती. तरीही प्रयोगशाळेच्या दिनदर्शिकेतला फरक हा मनुष्यजातींतला फरक म्हणून मांडला जाण्याची वेळ आली. वंशभेदाच्या नावाने गेल्या शतकात काय काय घडले हे ज्याला माहीत आहे, त्याला ही साधी चूक वाटणार नाही.

चौथे उदाहरण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे. कर्करोगाच्या गाठीतली जनुके पाहून कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे सांगता येते, असा दावा २००६ साली तेथल्या एका गटाने केला. ह्यूस्टनचे कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी तो दावा पडताळून पाहावयास घेतला. जनुकांची यादी एका ओळीने खाली सरकली होती. काही ठिकाणी 'औषध लागू पडते' आणि 'लागू पडत नाही' या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. दरम्यान २००७ पासून रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. शंभराहून अधिक रुग्णांनी त्यांत भाग घेतला. दोघांनी आपले म्हणणे २००९ साली सविस्तर प्रसिद्ध केले. चाचण्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१० साली कायमच्या बंद झाल्या. २०११ साली मूळ निबंध मागे घेण्यात आला, आणि २०१५ साली सरकारी चौकशीत त्या गटातल्या एका संशोधकाने आकडे खोटे केल्याचा निष्कर्ष निघाला. एक ओळ सरकणे ही चूक दुसरीतल्या मुलाच्या वहीत होते तशीच. पण साध्या चुकांच्या ढिगाऱ्यात खोटेपणाला लपावयास जागा मिळते, हा त्यातला धडा.

मी हे सारे माझ्या विद्यार्थिनीपुढे मांडले, तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्ही साखळीवर राग धरता आहात. पण साखळी लिहिलेली नव्हती, म्हणून तर त्या दोघांना इतके खपावे लागले. काय कोणत्या क्रमाने केले, हे त्यांना राखेतून शोधावे लागले. पाइपलाइन लिहिलेली असती, तर ती त्यांनी पुन्हा चालवून पाहिली असती."

तिचे म्हणणे मला मान्य करावे लागले, आणि ते मी येथे पुऱ्या वजनाने मांडतो. लिहिलेली साखळी हा एक नैतिक सद्गुण आहे. हाताने केलेल्या कामात माणूस थकतो, आवडता निष्कर्ष दिसला की तेथेच थांबतो, नावडता दिसला की पुन्हा मोजतो. लिहिलेली आज्ञा असे काही करीत नाही. आणि ती कोणालाही तपासता येते. 'नेक्स्टफ्लो'च्या कर्त्यांनी २०१७ साली दाखवले, की तीच आज्ञावली निराळ्या प्रकारच्या संगणकांवर चालवली तर उत्तरांत थोडा फरक पडतो. आणि आज्ञावलीसह तिचा सारा परिसर एका बंद पेटीत घालून नेला, तर तो फरक नाहीसा होतो. एवढी काळजी घेणाऱ्या लोकांना बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु येथेच एक सूक्ष्म भूल पडते. पुन्हा तेच उत्तर येणे आणि उत्तर खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. जन्मतारीख घरी ठाऊक नसे. जूनमध्ये शाळा सुरू होताना गुरुजी तीच तारीख पटावर घालीत. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचे पुस्तक, निवृत्तीचा हुकूम यांत ती तारीख जशीच्या तशी उतरत गेली. प्रत्येक कारकुनाने आपले काम चोख केले. प्रत्येक कागद आधीच्या कागदाशी तंतोतंत जुळतो. शंभर वेळा पडताळा घ्या, शंभर वेळा १ जूनच निघेल. आणि ते मूल खरोखर भर पावसाळ्यात जन्मले की संक्रांतीच्या सुमारास, हे त्याच्या आईबरोबर गेले. चोख नक्कल म्हणजे सत्य नव्हे, हे शाळेत काम करणाऱ्या माणसाला कोणी निराळे सांगावे लागत नाही.

मग जबाबदारी कोणाची? एक उत्तर आपल्या परंपरेत तयार आहे: प्रत्येकाने आपले नेमून दिलेले कर्म नीट करावे. या उत्तराबद्दल मला आदर आहे. शाळा, शेत आणि संसार त्यावरच चालतात. पण वरची उदाहरणे पाहा. तक्त्याने तक्त्याचे काम केले. मोजणाऱ्याने मोजले. चूक झाली ती एका कामाच्या शेवटाची आणि दुसऱ्याच्या आरंभाची जेथे गाठ पडते तेथे, आणि ती जागा कोणाच्याच स्वकर्मात मोडत नव्हती. केवळ आपापले कर्म करणाऱ्यांच्या मेळ्यात सांधा हा अनाथ राहतो.

दुसरे उत्तर, सर्वांची जबाबदारी. या शास्त्रात एका निबंधावर शंभर-शंभर नावे असतात. शंभरांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक शतांश येते, आणि शतांश जबाबदारीने कोणाची झोप उडत नाही. जबाबदारी ही भाऊबंदकीतल्या जमिनीसारखी वाटून घेता येते, हा समजच मला मुळात चुकीचा वाटतो.

आपल्या गावोगावच्या पतसंस्थांत कर्जाला दोन जामीन लागतात. कर्जदाराने पैसे बुडवले, तर संस्था पहिल्या जामिनाकडून अर्धे आणि दुसऱ्याकडून अर्धेच घेईल, असा नियम नाही. ती कोणाही एकाकडून सबंध रक्कम मागू शकते. म्हणून तर समजूतदार माणूस जामीन राहण्याआधी कर्जदाराच्या घरी एकदा जाऊन येतो. ज्ञानाच्या साखळीत नाव घालणारा प्रत्येक जण असा जामीन आहे, असे मला म्हणावयाचे आहे. त्याला प्रत्येक पायरी स्वतः करावयाची नाही. ते शक्यही नाही. पण विहिरीवर जाऊन पाणी कोणाचे आहे हे पाहण्याचा हक्क त्याला आहे, आणि तो हक्क न वापरल्याचा जाब त्याला सबंध द्यावा लागेल. आणि जो सांधे जोडतो, त्याच्याकडे हा जाब सर्वांत आधी येतो. आज त्याचे नाव यादीत मध्ये कोठेतरी असते आणि त्याच्या कामाला केवळ तांत्रिक म्हणतात. वस्तुतः दारे धरणारा तोच.

कादंबरीकार म्हणून मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. ज्या कथेत कोणी काही करीत नाही, नुसते होत जाते, तिच्यात पाप नसते आणि म्हणून पश्चात्तापही नसतो. व्याकरणात अशा वाक्यांना अकर्तृक भावे म्हणतात: 'उजाडले', 'गडगडले'. उजाडण्याला कोणी कर्ता शोधू नये. पण 'निष्कर्ष निघाला' हे वाक्य आपण उजाडल्यासारखे बोलू लागलो, तर निसर्गाला शोभणारी निरागसता आपण फुकट लाटतो आहोत.

हा प्रश्न आता दूरदेशीचाही राहिलेला नाही. जीटेक्समधल्या व्यक्तींपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के युरोपीय वंशाच्या होत्या, आशियाई दोन टक्केसुद्धा नाहीत. आपल्याकडे २०२० साली 'जीनोम इंडिया' प्रकल्प सुरू झाला. सुमारे दहा हजार भारतीयांच्या पोथ्यांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, आणि ती फरिदाबादच्या केंद्रात ठेवली आहे. तिच्यावरून उद्या अनेक पाट निघतील, आणि ते निघावेत. ज्या दहा हजारांनी दंड पुढे करून रक्त दिले, त्यांतल्या बहुतेकांना या साखळ्यांची नावेही कळणार नाहीत. त्यांना कळण्याची गरजही नाही. जो आपल्याला तपासू शकत नाही, त्याच्या वतीने स्वतःला तपासणे, हीच तर विश्वासाला द्यावयाची किंमत आहे.

त्या ८३८ घरांत त्या दिवशी जे घडले, ते कोणत्याही कर्मणि प्रयोगात बसत नाही. एका बायकोने, एका मुलाने, एका भावाने सही केली. तेथे कर्ता आहे, त्याला 'ने' प्रत्यय आहे, आणि कागदावर त्याचे नाव आहे. साखळीच्या पहिल्या टोकाला रडत्या माणसाने आपले नाव घातले; तर दुसऱ्या टोकाला, सारे शांत असताना, ते घालावयास कोणाला संकोच वाटू नये.